बोटांना आधी गाणे द्या

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड यांपैकी कोणत्याही स्थानकाच्या पुलावर पाच मिनिटे उभे राहावे. भाजीच्या पिशव्या घेतलेले गृहस्थ, क्रिकेटचे किट सावरत मैदानाकडे पळणारी पोरे, नाटकाची तिकिटे काढायला निघालेली जोडपी आणि या साऱ्यांत पाठीवर काळी, लांबोडकी पिशवी अडकवलेली दहा-बारा वर्षांची मुले-मुली. पिशवीचे टोक डोक्याच्या वर वीतभर गेलेले असते आणि गर्दीत वळताना ते मागच्याच्या नाकाशी येते. पिशवीत गिटार असते. मध्यमवर्गीय मराठी घरात एके काळी जी जागा बाजाच्या पेटीला होती, ती आता उपनगरांत या सहा तारांच्या वाद्याने घेतली आहे. यात वाईट वाटण्याजोगे काही नाही. पेटीदेखील युरोपातूनच आली होती आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने तिला आपल्याकडची करून टाकली.

चिंतेची बाब वेगळीच आहे. या गिटारींपैकी किती वाजत राहतात? आमच्याच इमारतीत फिरून पाहिले तर एक माळ्यावर आहे, एक कपाटामागे उभी आहे, एकीची तार तुटली ती पुन्हा बसवली गेलेली नाही. मुलांना कंटाळा आला, अभ्यास वाढला, दहावी आली, अशी कारणे पालक सांगतात. ती खोटी नसतात. पण मला राहून राहून असे वाटते, की मुलांना गिटारचा कंटाळा येत नाही. गिटारच्या नावाखाली त्यांच्यापुढे जे ठेवले जाते त्याचा येतो. आपण मुलांना गाणे द्यायचे सोडून आधी बोटांची कवायत देतो. गाणे पुढे केव्हातरी येईल, आधी हात बसू दे, असे सांगितले जाते. हात बसेपर्यंत मूल उठून गेलेले असते.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. दीड वर्ष तो शिकवणीला गेला. पहिल्या चार पडद्यांवर चार बोटे ओळीने टाकत सहाही तारांवर चढायचे आणि उतरायचे, या व्यायामाला गिटारवाले ‘कोळी’ म्हणतात, कारण बोटे कोळ्याच्या पायांसारखी चालतात. हा कोळी त्याने मनापासून चालवला. मग सप्तके झाली, मग परीक्षेचे तीन तुकडे झाले आणि तो चांगल्या गुणांनी उत्तीर्णही झाला. गणपतीत सोसायटीच्या मंडपात कुणीतरी त्याला म्हणाले, “अरे, काहीतरी वाजव ना.” मुलगा गोंधळला आणि म्हणाला, “मला परीक्षेतलंच येतं.” मंडपात शंभर माणसे होती आणि त्या शंभरांना ठाऊक असलेले एकही गाणे दीड वर्षात त्याच्या बोटांपर्यंत पोहोचले नव्हते. त्या वर्षी दिवाळीनंतर त्याची शिकवणी बंद झाली.

माझे म्हणणे अगदी साधे आहे. वाद्याचे तंत्र खऱ्या गाण्यांतून शिकवावे. गाणे हे तंत्र शिकून झाल्यावर द्यायचे बक्षीस नव्हे. तंत्र शिकण्याची जागाच ती. यावर जाणकार लगेच म्हणतील, की हा आळशी माणसाचा युक्तिवाद आहे. म्हणून जरा तपशिलात जायला हवे.

निवृत्तीनंतर मी स्वतः गिटार हाती घेतली. माझे शिक्षक माझ्या मुलाहून लहान आहेत. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘काका’ म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, “काका, कुठलं गाणं आवडतं तुम्हाला?” मी ‘चुरा लिया है तुमने’ हे नाव घेतले. १९७३च्या ‘यादों की बारात’मधले राहुलदेव बर्मन यांचे हे गाणे आमच्या पिढीच्या कानात कायमचे बसलेले आहे. पेल्यावरच्या किणकिणीपाठोपाठ येणारी त्यातली गिटार भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली आहे. २०२२ मध्ये निवर्तलेले हे गृहस्थ लोकांना गझलगायक म्हणून अधिक माहीत. सरांनी माझी दोन बोटे दोन तारांवर दुसऱ्या पडद्यापाशी ठेवली आणि म्हणाले, “हा ई मायनर. आता मनगट सैल सोडा आणि गाणं मनात म्हणत हात खाली-वर करा.” अर्ध्या तासात ते गाणे मला आले असे मुळीच नाही. पण हात कुठे चुकतो आहे हे मला दुसऱ्या कुणी सांगावे लागत नव्हते. गाणेच सांगत होते.

सारे मर्म इथे आहे. आपला कान आपल्या हाताच्या पन्नास वर्षे पुढे असतो. लहान मुलाचासुद्धा पाच-सात वर्षे पुढे असतोच. जे गाणे कानाला पाठ आहे, ते वाजवताना प्रत्येक चूक जागच्या जागी कळते. सप्तकाच्या कवायतीत एखादा स्वर बोदा निघाला तरी शिकणाऱ्याला त्याचे सुखदुःख नसते. ओळखीच्या गाण्यात तोच स्वर बोदा निघाला तर खडा लागल्यासारखे होते आणि माणूस आपण होऊन पुन्हा वाजवतो. शिक्षक आठवड्यातून एक तास भेटतो. उरलेले सहा दिवस शिकवायला घरात कुणीतरी हवे. ते काम गाणे करते.

मी बँकेत साडेतीन दशके काढली, त्यामुळे मला दुसरा दाखला तिथलाच सुचतो. ऐंशीच्या दशकात नोकरीला लागल्यावर आम्हाला प्रशिक्षण केंद्रात धाडले गेले. तिथे नावे-जमेचे नियम फळ्यावर शिकवले गेले आणि ते आवश्यकही होते. पण खतावणी म्हणजे काय हे कळले ते शाखेत, काउंटरवर, समोर रांग उभी असताना. संध्याकाळी डे-बुक जुळले नाही की घरी जाता येत नसे. एका व्हाउचरवर सत्तावीसचे बहात्तर झालेले असत आणि ते हुडकण्यात जे शिक्षण होई ते कोणत्याही व्याख्यानात नव्हते. नोटा मोजण्याचे तंत्र तर पुस्तकात कुठेच नव्हते. हेड कॅशिअरच्या शेजारी बसून खऱ्या नोटांवर अंगठा चालवूनच ते येई. आमच्यातले काही जण सीएआयआयबीची परीक्षा झटपट पास होत, त्याबद्दल वेतनवाढही घेत आणि तरी गर्दीच्या दिवशी त्यांना काउंटरवर बसवायला मॅनेजर धजत नसे. परीक्षा निरुपयोगी होती असे नाही. पण डे-बुक जुळण्याचा जो आनंद आहे, त्याची चव लागल्याशिवाय नियम अंगी मुरत नाहीत. गाणे हे गिटारवाल्याचे डे-बुक आहे. ते जुळले की नाही, हे रोजच्या रोज कळते.

आता गाण्यांतून तंत्र शिकवायचे म्हणजे नेमके काय, ते पाहू. प्रत्येक तंत्राला शोभेल असे गाणे निवडणे, ही शिक्षकाची खरी कसोटी. तारा एकदम न छेडता एकेक सुटी छेडायची, या प्रकाराला आर्पेजिओ म्हणतात. अंगठा खर्जाच्या तारांवर आणि तर्जनी, मध्यमा, अनामिका वरच्या तीन तारांवर, अशी ही वाटणी. ती निव्वळ कवायत म्हणून पंधरा दिवस करायला सांगितली तर मोठा माणूसही पळून जाईल. पण १९८३च्या ‘कलाकार’ चित्रपटातले किशोरकुमारांचे ‘नीले नीले अंबर पर’ पुढे ठेवले की तेच पोरगे रात्री आईने हाक मारेपर्यंत बसून राहते. या गाण्याचे मूळ इलयराजांच्या १९८२च्या तमिळ गाण्यात आहे, ‘इलय निला’त. शिक्षकाने मुलाला ते दुसरे गाणेही ऐकवावे. गिटारचा तो झरा मद्रासहून मुंबईला कसा आला, हे कळले तर मुलाला सुट्या तारांबरोबर थोडा देशही कळेल.

पट्टीने, म्हणजे पिकने, एकेक स्वर खाली-वर छेडत सुरावट काढायची असेल तर १९८०च्या ‘कर्ज’मधली ती प्रसिद्ध धून आहे. प्यारेलाल यांचे धाकटे बंधू गोरख शर्मा यांनी ती वाजवली. ती धून साऱ्या देशाला इतकी ठाऊक आहे, की पहिले चार स्वर बरोबर निघाले तरी शेजारच्या घरातून दाद येते. शेजारच्या घरातून आलेली दाद हा उपनगरी मुंबईतला सर्वांत मोठा सन्मान आहे, कारण एरवी तिथून तक्रारच येते.

नवशिक्याची बोटे सोलवटणारा आणि कित्येकांची गिटार कायमची खाली ठेवायला लावणारा एक कॉर्ड आहे, एफ. पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी पाडून सहाही तारा दाबायच्या आणि उरलेल्या बोटांनी वरचा आकार धरायचा. हा नुसता धरून बसा म्हटले तर ती शिक्षा वाटते. पण आवडत्या गाण्याच्या चौथ्या ओळीत तो एकदाच येत असेल, तर मूल त्या ओळीसाठी झटते. पहिले दोन महिने तो फसफसतो, मग एके दिवशी वाजतो. पुढे तोच आकार वरच्या पडद्यांवर सरकवला की नवेनवे कॉर्ड मिळतात, हे कळल्यावर त्याला साऱ्या वाद्याची किल्ली सापडते.

आपल्याकडच्या गाण्यांमुळे तर काही गोष्टी अधिकच सोप्या होतात. आमच्या घरांतल्या गाणाऱ्या मंडळींना स्वतःची पट्टी माहीत असते. मावशी काळी चारमध्ये गाते, काका काळी एकमध्ये. गिटारच्या दांडीवर लावायचा कॅपो नावाचा एक चिमटा असतो. काका काळी एकमध्ये गाणार असतील तर चिमटा पहिल्या पडद्यावर लावायचा आणि पांढरी एकचे, म्हणजे सीचे, सोपे आकार धरायचे. काळी दोन हवी असेल तर चिमटा तिसऱ्या पडद्यावर. पेटीवाल्यांच्या घरातल्या मुलाला हे सांगितले की सुरांचे गणित त्याला पाच मिनिटांत कळते. तेच व्याख्येने सांगितले तर पाच आठवडे लागतात. तालाचेही तसेच. केरव्याच्या आठ मात्रा आपल्या मुलांच्या तळहातात आरतीपासून बसलेल्या असतात. समेवर अंगठ्याने खर्जाची तार, पाचव्या मात्रेला खाली आली की फक्त वरच्या बारीक तारा, एवढे सांगितले की गिटार ठेका धरू लागते. दादऱ्याच्या सहा मात्रांनाही हाच न्याय. मुलाला जे आधीच येते त्यावर नवे शिक्षण उभे राहते, आणि ओळखीच्या गाण्यांचा मोठा फायदा हाच.

हे सारे आपल्या परंपरेला परके आहे का? मुळीच नाही. आपल्याकडे पलटे आहेत, अलंकार आहेत, पहाटेचा खर्ज आहे. पण राग शिकवला जातो तो बंदिशीतून. पंडित भातखंड्यांनी (१८६०-१९३६) घराणेदार उस्तादांकडून बंदिशी गोळा करून ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग सिद्ध केले. ते शास्त्रकार होते, पण रागाची ओळख करून द्यायला त्यांनी नुसत्या स्वरांच्या याद्या पुरेशा मानल्या नाहीत. प्रत्येक रागाखाली गाता येतील अशा चिजा दिल्या. बंदिशीत रागाचे चलन, स्वरांचे लगाव, समेवर येण्याची ऐट हे सगळे एकत्र असते. गुरू ‘हा कोमल गंधार असा लाव’ म्हणतो तेव्हा तो गंधार कुठल्यातरी शब्दावर बसलेला असतो.

आणि शास्त्रीय संगीत दूरचे वाटत असेल तर सकाळच्या लोकलमधले भजनी मंडळ आठवा. विरारहून किंवा कल्याण-कर्जतकडून येणाऱ्या गाडीत ठरलेल्या डब्यात ठरलेली माणसे उभी असतात. त्यांच्यात नवा आलेला माणूस आधी नुसत्या टाळ्या वाजवतो, मग त्याच्या हाती टाळ येतात, मग कोरसात आवाज मिसळतो आणि वर्षभरात तो एखादा अभंग उचलतो. त्याला कुणी सप्तक घोकायला लावत नाही आणि त्याची परीक्षाही कुणी घेत नाही. तरी त्याचा ताल पक्का असतो, कारण चाळीस माणसे एका ठेक्यात असताना एकट्याला चुकणे कठीण जाते. नोकरदार मुंबईकराने धावत्या गाडीत चालवलेली ही संगीतशाळा आहे आणि तिचा अभ्यासक्रम म्हणजे फक्त गाणी.

समुद्रापलीकडचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. पॉल मॅकार्टनी अनेकदा सांगतात, की शाळकरी वयात त्यांना बी-सेव्हन हा कॉर्ड येत नव्हता. लिव्हरपूलच्या दुसऱ्या टोकाला कुणालातरी तो येतो असे कळल्यावर ते आणि त्यांचे मित्र बसने तिकडे गेले, कॉर्ड पाहिला आणि परत आले. त्यांना तो कॉर्ड हवा होता, कारण आवडती गाणी त्याच्याशी येऊन अडत होती. अडलेल्या माणसाने शिकलेले तंत्र तो आयुष्यभर विसरत नाही. पुढे याच मंडळींनी १९६० ते १९६२ या काळात हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र इतरांची गाणी वाजवली आणि त्यातून बीटल्स घडले.

आता दुसरी बाजू. ती भक्कम आहे आणि तिला बगल देऊन चालणार नाही. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा ज्या गोव्याच्या वादकांनी घडवला, ते गाणी वाजवत वाजवत शिकलेले नव्हते. चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत त्यांनी लहानपणी सोल्फेजिओ, म्हणजे स्वरलेखन पाहून स्वर म्हणणे, कठोर शिस्तीने घोटले होते. मग व्हायोलिन हाती आले. म्हणूनच धोबीतलावच्या कुडांमध्ये राहणारा तरुण स्टुडिओत समोर ठेवलेला कागद पाहून पहिल्याच फेरीत वाजवू शके. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्यांच्या नावाचे गाणे करून शिष्याने गुरूचे ऋण मानले. कवायतीची टर उडवणाऱ्याने हा इतिहास विसरू नये.

पण त्या शाळांकडे जरा नीट पाहिले तर काय दिसते? सोल्फेजिओ घोटणाऱ्या मुलापुढे रविवारची प्रार्थना होती, गावचे फेस्त होते, लग्नातला मांडो होता. आज जे घोटायचे ते येत्या रविवारी चर्चमध्ये साऱ्या गावासमोर वाजवायचे, हे त्याला पक्के माहीत होते. त्याच्या कवायतीला गाण्याचा दिवस ठरलेला होता. आमच्या उपनगरातल्या मुलाच्या कवायतीला फक्त परीक्षेचा दिवस ठरलेला असतो. शिस्त तीच असेल, पण तिच्या टोकाला एकीकडे माणसे आहेत आणि दुसरीकडे प्रमाणपत्र.

दुसरा आक्षेप असा, की गाण्यांतून शिकणारे चार कॉर्डांवर थांबतात. जी, सी, डी आणि ई मायनर आले की शंभर गाण्यांचा आभास निर्माण होतो आणि मग माणूस पुढे सरकतच नाही. मनगट वाकडे, अंगठा भलतीकडे, उजवा हात लाटणे फिरवल्यासारखा. भ्रमणध्वनीवर चित्रफिती पाहून शिकणाऱ्यांत हे सर्रास दिसते, कारण चित्रफितीला आपला अंगठा दिसत नाही. आक्षेप रास्त आहे. पण हा दोष गाण्यांचा नाही; गाणी निवडणारा आणि थांबवून दुरुस्त करणारा माणूस तिथे नसतो, त्याचा आहे. चांगला शिक्षक चार कॉर्डांचे चौथे गाणे झाले की पाचवे असे देतो, ज्यात ते चार पुरत नाहीत.

कवायतीला माझा विरोध नाही. तिचा जन्म कुठे व्हावा, एवढाच प्रश्न आहे. गाणे वाजवताना एका जागी हात अडला, की तेवढ्या दोन मात्रा कापून बाजूला घ्याव्यात, लय निम्मी करावी, वीस वेळा वाजवाव्यात आणि पुन्हा गाण्यात नेऊन बसवाव्यात. आमचे सर हेच करायला लावतात. मग तो कोळीही निमूटपणे चालवला जातो, कारण अनामिका दुबळी आहे आणि तिच्यामुळे आपले गाणे अडले आहे, हे शिकणाऱ्याने स्वतः पाहिलेले असते. पाश्चात्त्य परंपरेतल्या जाणत्यांनीही हे ओळखले होते. कार्कासीच्या २५ अभ्यासिका आजही अभिजात गिटारचे विद्यार्थी वाजवतात. त्या तंत्रासाठीच लिहिलेल्या आहेत, तरी प्रत्येकीत ऐकावेसे वाटणारे संगीत आहे. कादंबरी लिहितानाचा माझा अनुभव निराळा नाही. संधी-समास पाठ करून कुणी कथाकार होत नाही. पण लिहिता लिहिता वाक्य लंगडले, की व्याकरणाचे पुस्तक काढावेच लागते.

परीक्षांबद्दलही दोन शब्द. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या किंवा रॉकस्कूलच्या परीक्षांना उपनगरांतली मुले बसतात. या परीक्षा सरसकट वाईट नाहीत. ट्रिनिटीने २०१२ पासून रॉक आणि पॉपची जी शाखा सुरू केली, तिच्यात तर खरीखुरी गाणीच वाजवायची असतात, म्हणजे त्या मंडळींनाही हा मुद्दा पटलेला आहे. अडचण अशी, की ती गाणी तिकडची. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत इंग्रजी गाणी घरात लहानपणापासून ऐकलेल्या मुलाला ती आपली वाटतील. मुलुंडच्या मराठी किंवा घाटकोपरच्या गुजराती घरातल्या मुलाला ती पहिल्यांदा वर्गातच ऐकू येतात. मग कान पुढे आणि हात मागे, हा जो सारा फायदा सांगितला, तो त्याच्या वाट्याला येतच नाही. त्याच्या दृष्टीने ते गाणे म्हणजे आणखी एक कवायत.

मराठी गाणी मात्र गिटारच्या वर्गांत क्वचितच ऐकू येतात. याचे एक कारण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. आपल्या कित्येक भावगीतांची चाल रागावर उभी असते, मींडेने एका स्वरातून दुसऱ्यात जाते आणि तिच्याखाली कॉर्ड ठेवले की चाल गुदमरते. मींड गिटारवर निघतच नाही असे नाही. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या साथीने ती काढून दाखवली. पण ते मांडीवर आडवी ठेवून, तारेवर पोलादी कांडी सरकवून वाजवायच्या गिटारवर. नवशिक्याच्या पडद्यांच्या गिटारला ‘शुक्रतारा’ जड जाईल. म्हणून काय सगळीच मराठी गाणी वर्ज्य? देवदत्त साबळे यांनी चाल दिलेले ‘ही चाल तुरुतुरु’ ठेक्याच्या छेडीसाठी काय वाईट आहे? मिलिंद इंगळे यांचा १९९८चा ‘गारवा’ तर गिटार घेऊन बसण्याचेच निमंत्रण आहे. लहानग्यांना एकाच तारेवर सुरावट शोधायला ‘नाच रे मोरा’ द्यावे. गदिमांचे शब्द, पु. ल. देशपांड्यांची चाल, १९५३चा ‘देवबाप्पा’. ते आजीला पाठ असते आणि आजी चूक काढल्याशिवाय राहत नाही. घरात फुकटचा शिक्षक मिळतो.

यात पणाला काय लागले आहे, असे कुणी विचारील. गिटार माळ्यावर गेली तर पाच-सात हजारांचे नुकसान, एवढेच ना? मला तसे वाटत नाही. ज्या मुलाची गिटार माळ्यावर जाते, त्याच्या मनात एक वाक्य कायमचे घर करते, ‘मला संगीत जमत नाही.’ चाळिशीतही ते वाक्य तो बोलून दाखवतो. खरे तर त्याला संगीत जमते की नाही, हे पाहण्याची वेळच आली नव्हती. त्याची फक्त बोटे तपासली गेली होती. शंभरांतले नव्व्याण्णव जण वादक होणार नाहीत, व्हायची गरजही नाही. पण सहलीच्या बसमध्ये, कोजागिरीला गच्चीवर, आईच्या साठीला घरी, माणसांना घेऊन गाता-वाजवता येणे ही आयुष्यभर पुरणारी शिदोरी आहे. दोन तास लोकलमध्ये आणि दहा तास कचेरीत घालवणाऱ्या या शहरातल्या माणसाला ती इतर कुणाहूनही जास्त हवी आहे.

तेव्हा पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. वर्गाची चौकशी करताना ‘परीक्षा कधी’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा, पहिल्या महिन्यात कुठले गाणे शिकवाल? ते आमच्या मुलाला आधीपासून आवडते का? हात चुकला तर थांबवणार कोण? वर्षात किमान दोन गाणी आमच्या घरातल्या भाषेतली असतील ना? आणि घरी मूल अडखळत वाजवू लागले की दूरदर्शन संच बंद करून, शेजारी बसून, ते गाणे सोबत म्हणा. सूर लागला नाही तरी चालेल. त्याच्या बोटांना कुणीतरी ऐकते आहे, एवढे कळले तरी ती पिशवी माळ्यावर जाणार नाही.